नकाराचे कारण सांगणारे सर

श्री. जयवंत घोरपडेसरांशी माझी ओळख झाली ती त्यांनी मला नाकारले त्या दिवशी. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, असे संपादकांनी मला प्रेमाने सुचवून पाहिले. पण सरांच्या साठीनिमित्त लिहायचे तर खरे तेच लिहावे. सरांचे मोठेपण मला पहिल्यांदा दिसले ते त्या नकारातच.

मी अबू धाबीतच वाढलो. लहानपणी क्रिकेटचे संघ पाडताना जाड्या म्हणून मला कोणी घेत नसे, फार तर अंपायर करत. अमेरिकन फुटबॉल हा मला भेटलेला पहिला खेळ, ज्यात माझे वजन कामाचे होते. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंडू फेकणाऱ्या गड्यासमोर पाच धिप्पाड गडी फळी धरून उभे असतात. त्यांना लाइनमन म्हणतात. समोरून धावून येणाऱ्यांना थोपवायचे आणि मागच्याला फेकायला वेळ मिळवून द्यायचा, एवढेच त्यांचे काम. चेंडूला त्यांचा हात सहसा लागत नाही, आणि टाळ्याही त्यांच्या वाट्याला येत नाहीत. मला लाइनमन व्हायचे होते. इथेही कोणी घेतले नसते तर माझ्यासाठी खेळ म्हणून काही उरलेच नसते.

आमच्या हौशी लीगमध्ये हंगामाच्या आरंभी ड्राफ्ट होतो. नवे खेळाडू मैदानावर जमतात. त्यांची उंची, वजन, हातांची लांबी मोजतात, पळवून पाहतात, थोडे खेळवतात, आणि मग संघ पाळीपाळीने एकेकाला निवडतात. लाइनमनच्या बाबतीत बहुतेक वेळा टेपच निकाल लावते. हात लांब असले तर समोरच्याला लांबूनच रोखता येते. आखूड असले की तो थेट छातीशी येऊन भिडतो. आमच्या घराण्यात नवा शर्ट आणला की आधी बाह्या कापायला द्याव्या लागतात, तेव्हा माझे काय झाले असेल ते सांगायला नको. एकूणएक संघांनी मला सोडले. सरांच्या संघानेही सोडले.

निवडलेल्यांची नावे ग्रुपवर पडली आणि बाकीच्या प्रशिक्षकांनी गाड्या काढल्या. सर मात्र थांबले. त्यांचा एक रिवाज आहे, आणि तो मी दुसऱ्या कोणाकडे पाहिलेला नाही. ज्यांना आपण घेतले नाही, त्या प्रत्येकापाशी ते स्वतः जातात आणि का घेतले नाही ते तोंडावर सांगतात. मी बुटांच्या नाड्या सोडत बसलो होतो. सर शेजारी येऊन गवतावर बसले. मराठी आडनाव पाहून त्यांनी मराठीतच सुरुवात केली.

“हात आखूड आहेत म्हणून सोडलं, असं वाटतंय ना तुला? त्याला इलाज आहे. पण समोरचे दोघं आपसात जागा बदलून आले, की तू आपल्याच माणसामागे जातोस. शेजारी उघडा पडतो, ते तुला दिसतच नाही. म्हणून नाही घेतलं.”

मी म्हणालो, “सर, आय वॉज डुइंग माय जॉब.”

“तेच तर. फळीत एकट्याचा जॉब नसतो,” सर म्हणाले. “उद्या संध्याकाळी मुसफ्फाला ये. बघू.”

खरे सांगतो, मला राग आला होता. पण घरी पोचेपर्यंत लक्षात आले की टेपच्या आकड्यापलीकडे माझ्याकडे त्या दिवशी एकाच माणसाने पाहिले होते. दुसऱ्या दिवशी मी अल रीमच्या घरून गाडी काढली ती थेट सरांच्या वर्कशॉपवर.

सर मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी तालमीत माती अंगाला लावलेली, शिक्षणाने इंजिनिअर, आणि मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत लोखंडी सांगाडे बनवण्याचा, म्हणजे फॅब्रिकेशनचा, स्वतःचा व्यवसाय. एका अमेरिकन क्लायंटने त्यांना हा खेळ पाहायला नेले, तेव्हा सगळे चेंडूकडे बघत होते आणि सर फळीकडे. ही तर पाच जोड्यांची कुस्तीच आहे, असे म्हणून ते जे त्या खेळाच्या मागे लागले ते आजतागायत. सरांच्या पत्नी सुनंदाकाकूंचे मत वेगळे आहे. शिरस्त्राण घालून केलेली मारामारी ती मारामारीच, असे त्या म्हणतात, आणि म्हणता म्हणता सगळ्या पोरांपुढे थालीपिठाची ताटे ठेवतात.

वर्कशॉपच्या मोकळ्या आवारात सरांनी मला वर्षभर घडवले. आखूड हातांवरचा इलाज म्हणजे पाय आणि कंबर. आधी खाली बसायचे, पाऊल आधी टाकायचे, आणि समोरचा छातीशी पोचण्यापूर्वी आपण त्याच्या छातीशी पोचायचे. शेजाऱ्याकडे बघण्याची सवय मात्र सरांनी वेगळ्या रीतीने लावली. प्रत्येक डाव संपला की ते विचारत, “शेजाऱ्याचं काय झालं?” उत्तर आले नाही की तोच डाव पुन्हा. सुरुवातीचे कित्येक दिवस मला उत्तर येत नव्हते आणि माझ्यापायी शेजारच्यालाही पुन्हा पुन्हा घाम गाळावा लागत होता.

मी त्यांच्या संघाचा नव्हतो, हे लक्षात घ्या. त्यांच्या कर्णधाराने एकदा वैतागून विचारलेच, की सर, हा उद्या दुसऱ्या टीमने उचलला तर? सरांनी ते हसण्यावारी नेले. तसे झाले तर आपल्याला चांगला सामना मिळेल, इन्शाल्ला, एवढेच ते म्हणाले.

सर कोणालाही गोड बोलून घेतात असे मात्र कोणी समजू नये. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा एक उमदा गडी होता. ताकद भरपूर, पण गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. इतर संघांनी त्याला गुडघा पाहून सोडले. सरांनीही सोडले, पण त्याचा खांदा धरून म्हणाले, “हबीबी, ये घुटना पहले तुम्हारे काम का है, बाद में मेरी टीम का.” तो गडी आज आमच्या लीगमध्ये पंच आहे, आणि त्याला नियम शिकवले ते सरांनीच.

पुढच्या ड्राफ्टमध्ये कर्णधाराची भीती खरी ठरली. ज्या संघाचा चेंडू फेकणारा आदल्या हंगामात सारखा जमिनीवर दिसला होता, त्याने सरांची पाळी येण्याआधीच मला उचलले. माझे नाव पुकारल्यावर पहिली टाळी सरांनी वाजवली.

आणि अंतिम सामना आमचा सरांच्याच संघाशी आला. शेवटचा डाव. आम्ही थोडक्यात मागे होतो, आणि आमच्या फेकणाऱ्याला श्वासभर वेळ मिळाला तरच काही आशा होती. सरांनी काय करावे? माझी जुनी खोड त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? त्यांनी माझ्याच बाजूने दोघांना जागा बदलून सोडले. माझा माणूस आत वळला. वर्षापूर्वी मी त्याच्यामागे गेलो असतो. मी त्याला शेजाऱ्याच्या हवाली केले, शेजाऱ्याचा माणूस छातीवर घेतला आणि पाय रोवले. चेंडू कुठे गेला ते मला दिसले नाही. लाइनमनला निकाल कळतो तो लोकांच्या ओरडण्यावरून. आम्ही जिंकलो होतो.

हरलेल्या संघाच्या बाजूने सर मैदान ओलांडून माझ्याकडे आले. मला वाटले, शाबासकी देतील. त्यांनी माझे दोन्ही हात धरून वर केले, नीट पाहिले आणि म्हणाले, “हात अजून आखूडच आहेत. पण तुला नाही म्हणायला आता माझ्याकडे कारण उरलं नाही.”

मी तिथेच रडलो. धिप्पाड माणूस रडताना बरा दिसत नाही, असे माझे वडील नंतर म्हणाले; पण डोळे त्यांचेही ओले होते. त्या दिवशीइतका अभिमान मला स्वतःचा कधी वाटला नव्हता, आणि असे गुरू लाभल्याचा तर आजही वाटतो.

सर, साठी ही तुमच्यासारख्या तालमीतल्या माणसाला काही मोठी गोष्ट नाही. परमेश्वर तुम्हाला उदंड आयुष्य देवो, गुडघे शाबूत ठेवो आणि काकूंच्या हातची थालीपिठे पचवण्याची ताकदही देवो. दर हंगामाला त्या मैदानावर कोणीतरी नाड्या सोडत एकटा बसलेला असतो, सर. त्याच्या शेजारी येऊन बसायला तुम्ही आम्हाला खूप वर्षे हवे आहात.