विजूताईंच्या बसची वायर

किल्ली फिरवण्याआधी विजूताई बसच्या नाकावर थाप मारायच्या. "उठा, साहेब!" बस शाळेची, पिवळी, डिझेलवर चालणारी. ओहायोतल्या आमच्या गावाबाहेरच्या वस्तीत ती त्यांच्या दारातच उभी असे. बाई नागपूरच्या उन्हात वाढलेल्या. पण अकरा हिवाळ्यांत एकही फेरी चुकली नव्हती.

मी तेव्हा नुकतीच मुलाकडे राहायला आले होते. वय अवघं चौसष्ट, अक्कल यायची होती. "एम.एस्सी. झालेली बाई बस चालवते?" मी सुनेपाशी नाक मुरडलं. ते विजूताईंच्या कानावर गेलं. हसून म्हणाल्या, "काकू, घरी बसून माझी केमिस्ट्री सडली असती. इथे रोज सकाळी पेटते."

संक्रांतीला वड्या द्यायला गेले, तर त्या घरी नव्हत्या. बसच्या नाकातून वायर निघून भिंतीतल्या प्लगात गेलेली. बस बंद आणि वीज चालू! पाहुण्यांच्या मागोमाग फिरून पंखे बंद करण्यात जिचा जन्म गेला, तिला हे बघवेल? काढला प्लग. वर वायर छान गुंडाळून ठेवली.

सकाळी चहा घेताना ऐकू आलं, कुंईं… कुंईं… मग काहीच नाही. बाहेर उणे वीस. मुलाचे बूट चढवून धावले. विजूताई ते वायरचं भेंडोळं घेऊन उभ्या.

"काहून काढली, काकू? इतकी नीट गुंडाळणारं इथे दुसरं कोणी नाही."

"बिल येईल म्हणून…"

"अहो, रात्रभर इंजिन गरम ठेवते ती! गारठलं की डिझेल पेटत नाही."

बत्तीस मुलं बसची वाट बघणार होती. तेवढ्यात फोन आला, थंडीमुळे शाळा दोन तास उशिरा.

"मारा ना अजून किल्ली! आमची स्कूटर दहा किका खायची."

"थंडीत इंजिनाला हाणायचं नसतं. बॅटरी मेली तर पोरं बर्फात उभी राहतील." त्यांनी किल्ली खिशात टाकली, प्लग लावला आणि मला चहा दिला. दोन तास मी खिडकीतून त्या चालू प्लगावर पहारा दिला. सुनेला पुढे बसपेक्षा याचंच नवल वाटलं.

मग थाप. "उठा, साहेब." अर्धी किल्ली फिरली, पिवळा दिवा लागला. "हा विझेपर्यंत घाई नाही." विझला. किल्ली. एक खोकला, पांढरा धूर, पुन्हा शांत. माझे देव पाण्यात! विजूताई मात्र थांबल्या. पुन्हा दिवा, पुन्हा वाट. आणि घर्रर्र! खिडक्या थरथरल्या. मी मुलाच्या बुटांत, भर बर्फात, फुगडीची गिरकी घेतली. हॉर्न वाजवत बस वळणाआड गेली. एकही मूल ताटकळलं नाही.

शाळेत त्यांनी सांगितलं, "वायर निघाली होती." बस्स. दुसऱ्या दिवशी प्लगवर मराठीत पाटी लटकली, 'काढू नये.' त्या रस्त्यावर त्यांच्याशिवाय मराठी वाचणारं एकच घर, आमचं, आणि त्या घरात वीज वाचवणारी मी एकटी.

गेल्या वर्षी विजूताई निवृत्त होऊन लेकीकडे टेक्सासमधल्या शुगर लँडला गेल्या. शेवटपर्यंत एकही फेरी चुकली नाही. पाटी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "आता तुमच्यावर सोपवते."

बस आता समोरचा डेव्ह चालवतो. वायर लावायला हटकून विसरतो. संध्याकाळी मी गुपचूप जाऊन लावून येते. त्याला वाटतं, आपली स्मरणशक्ती चांगली आहे.