प्रेमिलाबाईंच्या अकरा वह्या

आमच्या शाळेत खेळाच्या तासाला मुलींच्या वाट्याला लंगडी नाहीतर खो-खो यायचा. सॉफ्टबॉल आणला तो प्रेमिला गजभिये बाईंनी. मी तेव्हा आठवीत होते, कुहीहून शिकायला सक्करदऱ्यात मामाकडे आले होते. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या हातात बॅट दिलीच नाही. मैदानाच्या कडेला बसवून विचारलं, "मिनल, तीनदा चुकलं का बॅटवाली आउट होते. तीनदाच काहून, सांग बरं?"

मला सांगता आलं नाही.

"मलेही आलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तं पुस्तक घ्यावं लागलं."

त्या पुस्तकाची गोष्ट त्यांनी पुढच्या काही वर्षांत आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. १९७२ साली बाई शारीरिक शिक्षणाचा कोर्स करत होत्या. सॉफ्टबॉलच्या नियमांचे दोन कागद त्यांना पाठ करायला दिले होते. नियम तसे का, हे शिकवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. एका रविवारी सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसलं. कव्हर फाटलेलं. अमेरिकेत बेसबॉल पहिल्यांदा पगारी खेळाडूंचा खेळ झाला, त्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास. सॉफ्टबॉल बेसबॉलमधूनच निघाला, एवढं बाईंना ठाऊक होतं. त्यांनी ते छातीशी धरून घरी आणलं.

पण इंग्रजी कुठं येत होतं एवढं! पहिल्या पानालाच चार दिवस लागले. बाईंचे वडील धोंडबा मिलमध्ये कामाला होते. १९५६ साली दीक्षा घेतली तेव्हा पाच वर्षांच्या प्रेमिलाला खांद्यावर बसवून नेलेला माणूस. त्यांना मराठी छान वाचता यायचं, इंग्रजी नाही. पहिली पाळी करून ते चार वाजता घरी आले की मुलगी डिक्शनरी घेऊन बसलेली.

"काय वाचून राहिली वं?"

"बेसबॉलचं आहे, बाबा."

"मंग मले सांग ना. मराठीत सांग."

तिथून सुरू झालं. आठवड्यातून एका दुपारी ओसरीवर एक पान. बाई आधी वहीत मराठी करून ठेवत आणि वडिलांना वाचून दाखवत. धोंडबांनी बेसबॉलचा चेंडूसुद्धा कधी पाहिला नव्हता, पण ते गुंगून जात. सुरुवातीच्या काळात बॅटवाल्यामागे उभे राहणारे कॅचर हातमोजा न घालता झेल घ्यायचे, बोटं मोडायची, तरी दुसऱ्या दिवशी उभे राहायचे, हे ऐकून ते स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. मालक खेळाडूंना करारात असे बांधून ठेवत की दुसऱ्या क्लबात जायची सोय नाही. ते ऐकल्यावर म्हणाले, "मिल होय ही, दुसरं काय!"

मग कृष्णवर्णीय खेळाडूंचं प्रकरण आलं. १८८४ मध्ये एक काळा कॅचर मोठ्या क्लबातून खेळत होता. पुढे एका संघाच्या कप्तानाने अशा खेळाडूंसोबत मैदानात उतरायला नकार दिला. हळूहळू मालकांनी आपसात ठरवून टाकलं की काळ्या माणसाला घ्यायचंच नाही. नियमांच्या पुस्तकात तसं कुठं लिहिलं नव्हतं. नुसतं ठरलं, आणि साठेक वर्षं चाललं.

धोंडबांनी वही हातात घेऊन त्या ओळी स्वतः वाचल्या. मग विचारलं, "लिहून नाही ठेवलं म्हणतं?"

"नाही बाबा."

"लिहिलं असतं तं फाडता तरी आलं असतं."

हे आम्हाला बाईंनी सांगितलं ते १९९० साली, मौद्याकडून परत येताना, एस.टी.त. त्या दिवशी एका गावात आमचा मैत्रीचा सामना होता. सामन्याआधी गावातल्या एका बड्या माणसाकडे जेवण होतं. त्याने आल्या-आल्या आमची आडनावं विचारली. मला आणि आणखी चौघींना आत बसवलं. "बाकीच्या पोरी तिकडं गोठ्यापाशी बसतील," असं सहज म्हणाला, जणू जागा कमी पडली असावी. माझी जिवलग मैत्रीण प्रीती तिकडे गेली. मला कळलं होतं, पण भूकही लागली होती. मी पोळीचा घास तोंडात घातला.

तेवढ्यात बाई दारात आल्या. आवाज चढवला नाही. "उठा," म्हणाल्या. "टीम एकाच ठिकाणी जेवते."

आम्ही उठलो. तो माणूस मागून म्हणाला, "मॅडम, इथं अशीच पद्धत आहे, तुम्ही मनाले नका लावू."

"मनाले लावलं, भाऊ," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

चिंचेखाली बसून चिवडा आणि केळी खाल्ली. सामना अकरा विरुद्ध चार असा हरलो. अर्धपोटी होतो आणि मला तर चेंडू दिसतच नव्हता, डोळे सारखे भरून येत होते. परतताना मी बाईंच्या शेजारी बसले आणि सांगितलं, "बाई, मी एक घास खाल्ला."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "प्रीतीले सांग. मले नको सांगू."

मी सांगितलं. प्रीती दोन दिवस बोलली नाही, मग बोलली. आज तिची धाकटी मुलगी माझ्याकडे गणिताला येते.

आता बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. लग्न केलं नाही. दोन खोल्यांच्या घरात अमेरिकन खेळांच्या इतिहासाची तेवीस पुस्तकं आहेत, कुठून कुठून मिळवलेली. पण डोळ्यांनी दगा दिला. मागच्या पावसाळ्यानंतर अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हापासून मी रविवारी जाऊन वाचून दाखवते. एकदा पुस्तकं पुसताना मागे अकरा वह्या सापडल्या. वडिलांना वाचून दाखवलेलं सगळं मराठी, निळ्या शाईत. अकरावी वही मधेच थांबली होती.

"हे पुरं नाही झालं, बाई?"

"चाळीस पानं राहिली. अठ्ठ्याहत्तर साली बाबा गेले. मंग कोणाले वाचून दाखवू?"

"म्हणजे शेवट तुम्ही वाचलाच नाही?"

त्यांनी मान हलवली. सत्तेचाळीस वर्षं ते पुस्तक त्यांच्या उशापाशी होतं, आणि शेवटची चाळीस पानं त्यांनी उघडली नव्हती.

मी म्हटलं, मी वाचते, तुम्ही मराठीत सांगा, मी लिहिते. बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. दोन रविवार दुसरंच काहीतरी वाचून घेतलं. तिसऱ्या रविवारी स्वतःच म्हणाल्या, "काढ वं ते."

चाळीस पानांना चार महिने लागले. शेवटचं प्रकरण १९०३ सालचं, दोन संघटनांच्या विजेत्यांची पहिली मालिका. गर्दी इतकी की लोक मैदानातच दोरीमागे उभे. बाई डोळे मिटून ऐकायच्या, पुटपुटायच्या, मग एकेक वाक्य सांगायच्या. ओसरी, चार वाजता येणारे वडील, त्यांचा चहाचा पितळी पेला, असं काहीबाही मधेच बोलून जायच्या. मी ते वहीत लिहिलं नाही, पण आता वाटतं, लिहायला हवं होतं.

मागच्या रविवारी संपलं.

"संपलं?"

"संपलं, बाई."

 त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "शेवटचं पान पुन्हा वाच. मराठीतलं."

मी वाचू लागले. चौथ्या ओळीला त्यांनी हात वर करून थांबवलं.

"अंपायर काहून लिहिलं? पंच लिही. बाबाले अंपायर समजत नव्हतं."

मी खोडलं आणि पंच लिहिलं.