बाबांच्या सोन्याच्या निबा

सोन्याची निब घासताना घाई करायची नाही, हे बाबांनी मला शिव्या घालत शिकवलं. निबेच्या टोकाला कठीण धातूचा एक बारीक दाणा असतो. तो गुळगुळीत झाला की पेन पळतं. जास्त घासला गेला की निब कायमची मेली. बाबा सरकारी नोकरीसाठी कोकणातून सिल्वासाला आले आणि इथेच निवृत्त झाले. तेव्हापासून सामरवरणीच्या फ्लॅटमध्ये आम्ही बापलेक लोकांची जुनी पेनं दुरुस्त करत बसतो.

हल्ली त्यांचा हात थरथरतो. पेन बोटांत जरा फिरलं की निब कडेवर चालते आणि कागद खरवडते. बाबा मात्र "खरखरतेय" म्हणून माझ्याकडे बघतात. नाचता येईना अंगण वाकडं, आणि ते अंगण म्हणजे मी.

गेल्या महिन्यात मसाटच्या एका कारखान्यातले गुजराती साहेब पेन न्यायला आले. लिहून बघून म्हणाले, "एकदम मस्त, बेन!" बाबांनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं, दोन रेघोट्या मारल्या.

"नेऊ नका. हिला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

साहेब ओशाळं हसले आणि पेन घेऊन गेले. माझं डोकं फिरलं. बाबांनी ऐन उमेदीत घासलेल्या, स्वतःसाठी ठेवलेल्या निबा कपाटात एका पेटीत आहेत. तिला हात लावायची मला बंदी. त्यातली सगळ्यात देखणी निब काढून मी एका साध्या पेनात बसवली, शाई भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"ही पण खरखरतेय," लिहून बघताच बाबा म्हणाले.

"बाबा, ही तुमचीच आहे. पेटीतली."

"खोटारडी! स्वतःचा गाढवपणा माझ्या नावावर खपवतेस? दे तो पॉलिश पेपर. दाखवतो तुला."

दिला. ते घासत राहिले. मी चहा केला आणि समोर बसून प्यायले. दाणा झिजला, खालचं मऊ सोनं उघडं पडलं. तशी निब त्यांच्या हातून आता पुन्हा होणार नव्हती. मला ते कळत होतं आणि बरं वाटत होतं.

"बघ आता," म्हणून त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. मी नाव लिहिलं. कागद फाटला, शाई टेबलावर उतरली. मी त्यावर हात ठेवला.

"लोण्यासारखी चालतेय," मी म्हणाले.

दया आली म्हणून नव्हे. खरं सांगितलं असतं तर ते तिथेच थांबले असते.

बाबांचा चेहरा खुलला. इतके खूश मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. "अजून काय काय बिघडवून ठेवलंयस? आण सगळं. आज नीट करून टाकतो."

"आणते," मी म्हणाले आणि आख्खी पेटी त्यांच्यापुढे ठेवली.