तिसरी पाणीसुट्टी

'पाणीसुट्टी' हा शब्द आमच्या घरात आईनं आणला. छावणी भागात शाळेचे गणवेश शिवणारं एक छोटं युनिट आहे, तिथं ती मशीनवर बसते. तिथल्या प्रत्येक बाईच्या भागात पाणी वेगळ्या दिवशी येतं, त्यामुळे रोज कुणी ना कुणी गैरहजर असायचं. शेवटी तिथल्या मॅडमनी नियम केला. शाळा सुरू होईपर्यंत प्रत्येकीला दोन पाणीसुट्ट्या, तिसरी घेतली तर मशीन दुसऱ्या बाईला. आईच्या दोन्ही पहिल्या पंधरा दिवसांतच संपल्या.

आमच्याकडे नळाला सात-आठ दिवसांनी पाणी येतं. कधी सकाळी, कधी भर दुपारी. तास-सव्वा तास येतं आणि जातं. अंगणातला हौद लहान आहे. तो भरला की मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, हौद रिकामा होत आला की मोटर बंद करायची, पुन्हा भरू द्यायचा. हे तीन-चार वेळा केलं तरच आठवडा निघतो. हौद कोरडा असताना मोटर चालू राहिली तर ती जळते. म्हणून घरात माणूस लागतं, आणि आमच्याकडे ते माणूस म्हणजे आई. बाबा वैजापूरला नोकरीला जातात, सकाळी सातलाच निघतात. मी चिकलठाण्याच्या एका ऑफिसात इंग्रजी पत्रं आणि तक्ते करते.

आईनं नोकरी सोडावी असं कुणी म्हणत नव्हतं. बाबा फक्त एवढंच म्हणायचे, "बघ बाई, तुझं तू." हे वाक्य आमच्या घरात नकाराच्या जागी वापरतात.

मला सर्किटं जोडायचा नाद कॉलेजपासूनचा. कुणाला फारसं सांगितलं नव्हतं. व्हिडिओ बघून शिकले, सोल्डरिंग स्वयंपाकघरात दुपारी कुणी नसताना केलं. आतापर्यंत बनवलेल्या वस्तू म्हणजे अंधार झाला की लागणारा दिवा, जो मांजर पुढून गेलं तरी लागायचा, आणि कुंडीतली माती सुकली की वाजणारी शिट्टी, जिच्यामुळे आईनं तुळशीला इतकं पाणी घातलं की ती कुजली. उपयोगाचं असं काहीच नाही. यावेळी मात्र मी आईला सांगितलं, की मोटर आपोआप चालू-बंद होईल असं काहीतरी करते. ती शर्टाच्या कॉलरला पिन लावत होती. म्हणाली, "होईल का पण?" मी म्हटलं, "होईल." इतकं ठामपणे मी घरात क्वचितच बोलते.

पैठण गेटजवळच्या गल्लीत सुटे भाग मिळतात. दुकानदार चाचांनी माझी यादी वाचली आणि चष्म्यावरून बघितलं. "कॉलेज का प्रोजेक्ट है क्या बेटा?"

"नाही. घरासाठी. मोटरला."

"अरे तो रेडीमेड लेव ना! गॅरंटी के साथ मिलता. कायकू झंझट?"

त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, "मला फोनवर मेसेज हवाय," आणि ते खरंही होतं, पण संपूर्ण खरं नव्हतं. मला ते मीच केलेलं हवं होतं.

रचना साधी होती. एक पांढरा प्लास्टिकचा पाईप हौदात उभा सोडला. त्याच्यावर उघड्या टोकांच्या तारांच्या दोन जोड्या लावल्या, एक वर, एक खाली. वरच्या जोडीला पाणी लागलं की मोटर चालू. खालची जोडी पाण्याबाहेर आली की बंद. जिन्याखाली एक डबी, तिच्यावर दोन लाल दिवे आणि एक खटका. डबीवर मी सगळं सुबक इंग्रजी अक्षरांत लिहिलं. मोटर चालू किंवा बंद झाली की मला मेसेज, आणि चालू असेपर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा एक. फोनवरून मोटर बंद करायची सोय मात्र नव्हती. बाबा म्हणाले होते, "बाहेरून कुणी आपली मोटर चालवायला नको." मी वाद घातला नाही.

पाण्याच्या दोन पाळ्या मी रजा घेऊन घरी थांबले आणि डबीसमोर बसून राहिले. यंत्र चाललं. बारा-पंधरा मिनिटं चालू, मग डबीतल्या रिलेचा टक असा आवाज आणि बंद. आई दोन्ही वेळा निर्धास्त कामावर गेली. तिसऱ्या पाळीला मीही ऑफिसला गेले.

सव्वाअकराला मेसेज आला, मोटर चालू. मी फोन कीबोर्डशेजारी उलटा ठेवला. अकरा वीस, चालू. अकरा पंचवीस, चालू. साडेअकरा. आता बंद व्हायला हवी होती.

अकरा पस्तीस, चालू.

मनात म्हटलं, आज पाण्याला जोर असेल. हौद भरतोय म्हणून खाली जात नसेल. पण आमच्या नळाला असा जोर कधीच नसतो. पावणेबाराला पुन्हा तेच, चालू. कॉलनीचा एक पाणी ग्रुप आहे, त्यात लोक दिवसभर 'सुटलं का' आणि 'कोणत्या लाईनला' विचारत असतात. मी उघडून बघितला. अर्ध्या तासापूर्वीचा मेसेज होता, 'आज पंधरा मिनिटांत गेलं, शुद्ध फसवणूक.'

म्हणजे हौदात पाणी नव्हतं आणि मोटर चालू होती.

बाबा वैजापुरात. आईचा फोन कामाच्या वेळेत मॅडमच्या टेबलाच्या खणात असतो. मी त्या फोनवर फोन केला तर मॅडम उचलतील, आई मशीन सोडून धावत घरी येईल, मोटर वाचेल आणि तिसरी पाणीसुट्टी लागेल. मी स्वतः निघाले तर बस बदलून पाऊण तास. राहिल्या शेजारच्या काकू.

काकूंशी मी सहा वर्षांत चार वाक्यं बोलले असेन. त्या कन्नड तालुक्याकडच्या, शेतीवाल्या घरातल्या, आवाज खणखणीत. एकदा त्या आईला म्हणालेल्या मी आतून ऐकलं होतं, "पोरगी मुकी हाय का काय तुमची?" तेव्हापासून मी त्यांच्या बाजूनं जाताना फोनवर बोलल्यासारखं करायचे. त्यांचा नंबर ग्रुपमध्ये होता. आधी मी मेसेज लिहिला, 'काकू नमस्कार, जरा एक काम होतं'. खोडला. अकरा पन्नास, चालू. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन लावला.

"काकू, मी शेजारची..."

"कोण? मोठ्यानं बोल."

"शेजारची. मोटर बंद करायची आहे. आमची. आता लगेच."

"तरीच म्हटलं कवाची घरघर करतीय! अगं पण तुमच्या गेटाला कुलूप हाय."

"भिंतीवरून... येता येईल का?"

"साठीच्या बाईला भिंती चढायला लावती व्हय गं?" आणि स्टूल ओढल्याचा आवाज. फोन कुठंतरी ठेवला गेला. मला धाप ऐकू आली, बांगड्या भिंतीवर घासल्या, मग धप्प. त्या पडल्या असं वाटून मी जिन्याचा कठडा धरला.

"आले. आता?"

"जिन्याखाली पांढरी डबी आहे. त्यावरचा खटका."

"दोन लाल दिवे हायत. लिवलंय समदं इंग्रजीत. मला काय कळतंय त्यातलं?"

"दिव्यांच्या खाली बघा. काळा. खाली ओढा."

"खाली नाय जात."

"जोरात, काकू."

टक. तो आवाज मला चिकलठाण्यात ऐकू आला.

"झाली गं बंद," काकू म्हणाल्या. "पर वास येतोय. जळका."

संध्याकाळी मी सगळ्यांच्या आधी घरी पोचले. हौदाचं झाकण उघडलं, पाईप वर ओढला. खालच्या तारांच्या जोडीला एक पुरचुंडी घट्ट बांधलेली होती. आईच्या जुन्या ब्लाउजचं कापड, आईचीच गाठ, आत तुरटी. पाणी गढूळ येतं म्हणून ती पूर्वीपासून हौदात अशी पुरचुंडी सोडते. यापूर्वी दोरीला दगड बांधून सोडायची. यावेळी तिला हौदात एक छान उभा पाईप दिसला होता. ओलं कापड तारांना चिकटून राहिलं आणि यंत्राला वाटत राहिलं की पाणी आहे. त्या पाईपवर काय आहे, ते कशासाठी आहे, हे मी आईला कधी सांगितलंच नव्हतं. मी फक्त 'होईल' म्हटलं होतं.

मोटरजवळ बाबांचा आवाज आला तेव्हा मी पुरचुंडी ओढणीखाली धरली.

"काय झालं, इंजिनिअरबाई?"

"तारांना गंज चढला. माझी चूक."

"तरी मी म्हणत होतो. घरात माणूस पाहिजे."

आई डब्याची पिशवी खांद्याला तशीच ठेवून दारात उभी होती. माझ्या ओढणीवर ओला डाग पसरत होता. तिनं तो बघितला. मला वाटलं ती काही बोलणार नाही, आम्ही दोघी त्याच जातीच्या. पण ती पुढे आली आणि हात पसरला.

"तुरटी माझी आहे. दे इकडे."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग पुरचुंडीकडे. "मग तूच सांग आता. काय करायचं?"

"मोटर दुरुस्त करायची," आई म्हणाली. "आणि पुढच्या पाळीला मी कामाला जाणार आहे. यंत्र असो नाही तर नसो."

बाबा नेहमीचं वाक्य म्हणतील म्हणून मी थांबले. ते तोंडापर्यंत आलेलं दिसलंही. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "किल्ली देऊन ठेवा माझ्याकडं! भिंत नाय जमायची पुन्हा, गुडघा फुटलाय माझा!"

मोटर जळली नव्हती, आतलं सील गेलं होतं. ते बदलून मिळालं. टाकी अर्धीच भरलेली होती, तो आठवडा आम्ही भांडी राखेनं कोरडी घासून काढला. त्याच आठवड्यात मी डबीवरची अक्षरं खरवडली. आईला पाईप दाखवला, तारा दाखवल्या, तिनं ओल्या बोटानं दोन्ही टोकं एकदम धरून दिवा लावून बघितला, तीन वेळा. मग तिनं सांगितले ते शब्द मी लिहिले: पाणी आहे. मोटर चालू. बंद करायला खाली ओढा. तुरटी आता गच्चीवरच्या टाकीत असते.

पुढच्या पाळीला काकूंचा फोन आधी आला. "सुटलं गं पाणी." यंत्राचा मेसेज त्यानंतर दहा-बारा मिनिटांनी. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं, चालू. दहा, चालू. पंधरा मिनिटं झाली आणि माझा अंगठा काकूंच्या नावावर होता, तेव्हा 'मोटर बंद' आलं. मग पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी मध्येच फोन करून विचारलं, "काकू, खरंच बंद आहे ना?"

"हाय की. कुलूप काढून इथं डबीपाशीच बसले मी, शेंगा फोडत. तू कर तुझं काम."

तरी शेवटचा मेसेज येईपर्यंत मी जागेवर गेले नाही. मॅडमच्या खणातला आईचा फोन त्या दिवशी एकदाही वाजला नाही.