कव्हरवरच्या माणसाची सही

आमच्या घरात संशय उपजतच येतो, दातांच्याही आधी. दूधवाला दोन मिनिटं लवकर आला तरी आम्ही विचारतो, "आज कामून लौकर?" अशा माणसांनी मिळून एखादं काम काढलं की काम होतं एक आणि किस्से होतात दहा. आता कुठल्याही लग्नात मी दिसले की कुणीतरी म्हणतंच, "अक्का, ते कव्हरचं सांगा की!" सांगते. पण तुम्हाला कशाला पाहिजे, ते आधी कळू द्या!

तर दोन हजार अकरा साल. माझा धाकटा भाऊ नागेश बेंगळूरची नोकरी सोडून गुलबर्ग्याला आला आणि म्हणाला, "अक्का, मी कॉम्प्युटर गेम बनवणार. स्वतःचा." गेमचं नाव 'कळप'. एक मेंढपाळ, त्याची मेंढरं, वाटेत लांडगे, आणि सगळी मेंढरं पलीकडच्या माळावर सुखरूप न्यायची. आमच्या आज्यापर्यंत घरात तेच काम होतं. मी लग्न होऊन गुलबर्ग्यातच होते, शाळेत ड्रॉइंग शिकवायची, त्यामुळे चित्रं माझ्या गळ्यात.

आमचे अप्पा गावी निंबर्ग्याला शेती करायचे, दहा-बारा मेंढरंही होती. त्यांनी नागेशला एकच सांगितलं, "येळवशीपतोर तुझा गेम दुकानात लागलेला दाखव. न्हाई लागला तर बॅग भर आन् जा परत कंपनीत." येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस, रानात पूजा करून जेवायचा सण. हातात चार महिने होते.

दुकान म्हणजे इंटरनेटवरचं, परदेशातलं. तिथं गेमची चित्रं ओळीनं लावलेली असतात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. लोक तेवढंच बघतात आणि आत शिरायचं की पुढं जायचं ते ठरवतात. म्हणजे पोराची सगळी मेहनत माझ्या एका तिकिटावर!

* * *

पहिलं कव्हर नागेशच्या हट्टानं झालं. त्याला चित्रात सगळंच पाहिजे होतं. डोंगर पाहिजे, चंद्र पाहिजे, चार लांडगे आणि साठ मेंढरं पाहिजेत. मी आठवडाभर एकेक मेंढरू रंगवलं. मोठ्या स्क्रीनवर झकास दिसत होतं.

मग तिकिटाएवढं छापलं आणि खालच्या चहावाल्या महादेवीअक्काला दाखवायचं ठरलं. नागेशला भीती, कुणी आयडिया चोरेल. म्हणून त्यानं कागद रुमालाखाली झाकून नेला, रुमाल उचलला, "एक, दोन" म्हणाला आणि परत झाकला.

"काय दिसलं?"

"फ्लावरचा गड्डा," महादेवीअक्का म्हणाली. "आन् एवढं झाकून कामून आणलास? किडका हाय का?"

* * *

त्यानंतर मी रोज नवी नवी कव्हरं काढायची, तिकिटाएवढी छापायची आणि खोलीच्या भिंतीवर चिकटवायची. दारात उभं राहून जे ओळखू येईल ते ठेवायचं, बाकी फाडायचं. कधी नुसता मेंढपाळ, कधी मेंढपाळ उजवीकडं, कधी टोपी, कधी पटका. भिंतीवर चाळीस-पन्नास चेहरे झाले.

कामासाठी भाड्यानं घेतलेली आमची खोली तुरीच्या अडतीच्या वर होती. मालक महिन्यातून एकदा वर यायचे. आले, भिंत बघितली, आणि चप्पल न काढताच दारात थबकले.

"एवढ्या लोकांचे पासपोर्ट फोटो?"

"मालक, फोटो न्हाईत, चित्रं हायेत," मी म्हणाले.

ते भिंतीजवळ गेले, एकेका चेहऱ्यावर बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बोगस रेशनकार्ड काढायलाव व्हय? काढत असाल तर आधीच सांगा. माझ्या मेव्हण्याचंबी राहिलंय!"

* * *

नागेशला माझ्या अक्षराचाही संशय. नाव ठसठशीत पाहिजे, लांबून वाचता आलं पाहिजे, म्हणून आम्ही फ्लेक्सवाल्या इरफानभाईंकडं गेलो. आमच्या भागातले निम्मे वाढदिवस त्यांच्या हातचे. त्यांनी कव्हर स्क्रीनवर घेतलं, 'कळप' लिहिलं, अक्षरांना सोनेरी कड दिली. मग खालची मोकळी पट्टी दाखवून म्हणाले, "हां, आता शुभेच्छुकांचे फोटो द्या."

"शुभेच्छुक न्हाईत, इरफानभाई."

"एकबी न्हाई? बरं, अध्यक्ष?"

"अध्यक्षबी न्हाई."

इरफानभाईंनी माऊसवरचा हात काढला. नागेशकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दाराबाहेर डोकावून आले.

"बेनामी बॅनर नक्को, मॅडम. कळप कुणाला म्हणायलाव तुमी? मागच्या टायमाला असंच एकानं बिनाफोटोचं छापून नेलं, आन् पोलिस माझ्या दुकानात!"

शेवटी त्यांच्या समाधानासाठी नागेशनं शुभेच्छुक म्हणून स्वतःचा फोटो दिला, तेव्हा कुठं फाईल मिळाली. घरी येऊन मी पहिलं काम केलं ते कव्हरवरून नागेशला पुसून टाकण्याचं.

* * *

मग एक दिवस अप्पा तहसीलच्या कामाला गुलबर्ग्याला आले आणि खोलीवर येऊन बसले. कोपऱ्यातल्या स्टुलावर, घोंगडं मांडीवर. चार तास. चहा घेतला नाही, नुसतं बघत राहिले. पोरगा खुर्चीत बसून बटणं दाबायलाय, पोरगी रंग भरायलीय, ह्याला काम कसं म्हणायचं, असं सगळं त्या नजरेत होतं. एक डोळा जरा बारीक, भुवई वर.

माझा हात आपोआपच चालू लागला. चंद्र नाही, डोंगर नाही. पटका, मिशा आणि ते दोन डोळे. अप्पांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते उठून गेले असते, खरं सांगते.

तिकिटाएवढं छापून महादेवीअक्कासमोर धरलं. एक, दोन.

तिनं पदर सावरला. "कोण हाय त्यो? माझ्याकडं कामून बघायलाय?"

मालकांना दाखवलं तर ते म्हणाले, "मी काय केलंय?"

कव्हर ठरलं!

* * *

पाठवलं, आणि येळवशीच्या आठ दिवस आधी दुकानाचं उत्तर आलं. गेम पसंत आहे, कव्हरही छान आहे. पण चेहरा खऱ्या माणसाचा वाटतो. तसं असेल तर त्या माणसाची सही असलेली परवानगी पाठवा, मगच गेम लावू.

मी मान खाली घालून नागेशला म्हणाले, "ते अप्पा हायेत."

"मला पयल्या दिवशीच संशय आला होता!"

"मग बोलला कामून न्हाईस?"

"बोललो असतो तर तू बदललं असतंस."

चेहरा कुणाचाच नाही असं खोटं लिहून मोकळं व्हावं, असं माझ्या मनात आलं होतं, पण नागेशची खात्री होती की दुकानवाले शोधून काढतील. मग इंग्रजी कागद छापून घेतला आणि निंबर्ग्याची बस धरली.

अप्पांनी कव्हर हातात घेतलं. लांब धरलं, जवळ धरलं.

"ह्यो मी न्हाई."

"अप्पा, तुमीच हाव."

"माझं नाक असलं हाय? आन् मी न्हाई तर सही कामून करू? आन् मीच असलो, तर आधी इचारलं कामून न्हाई?"

दोन्हीकडून कोंडी! मग त्यांनी कागद उलटासुलटा केला आणि आवाज खाली आणला. "इंग्रजी कागद. त्योबी पोरीच्या हातानं. खालच्या गल्लीतल्या पोरीनं बापाच्या सहीला असाच कागद आणला, आन् आता रानाच्या वाटणीचा दावा चालू हाय. तुला जावयानं पाठवलंय व्हय?"

हे मात्र मला लागलं. फार लागलं. चौदा वर्षं झाली लग्नाला, मी कधी ढेकूळ मागितलं नव्हतं. मला रडूच कोसळलं. "मला रान नको, अप्पा! मला तुमचं तोंड पाहिजे!"

आतून आई ओरडली, "द्या की! तीस-चाळीस वर्षं मीच बघायलेय, न्या एकदाचं!"

अप्पा हसले नाहीत. माझ्याकडून कागद तीनदा मराठीत वाचून घेतला. प्रत्येक वेळी विचारलं, "सर्वे नंबर कुठं आला?" कुठंच आला नाही, म्हणून त्यांचा संशय आणखी वाढला. शेवटी म्हणाले, "खाली मराठीत लिही." मी नाक पुसत लिहिलं: 'फक्त तोंड दिले आहे. रान, विहीर, मेंढरे व दोन्ही बैल दिलेले नाहीत.' मग त्यांनी सही केली, आणि नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून सगळ्या कोऱ्या जागेवर आडव्या रेघा मारल्या.

नागेशनं त्या ओळीचं इंग्रजी करून कागद पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: "परवानगी मिळाली. बैलांवर आमचा कोणताही हक्क नाही."

* * *

येळवशीला आम्ही सगळे रानात होतो. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सगळं झालं. नागेशनं डोंगल लावून लॅपटॉप उघडला आणि अप्पांच्या मांडीवर ठेवला. पानावर ओळीनं चित्रं, पन्नास तरी असतील. बंदुका, राक्षस, गाड्या, उड्या मारणारी पोरं. अप्पांचा चष्मा घरी राहिला होता.

"ह्ये बघा, इथं," म्हणत नागेश बोट दाखवायला गेला. अप्पांनी त्याचा हात बाजूला सारला. एक डोळा बारीक केला, भुवई वर गेली. तिसऱ्या ओळीत त्यांचं बोट थांबलं.

"ह्यो मी."

नागेशनं माझ्याकडं बघितलं. मी तोंडाला पदर लावला. अप्पा मात्र अजून स्क्रीनकडंच बघत होते, आजूबाजूच्या एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत. मग मान वर करून मला म्हणाले,

"आन् ह्ये बाकीचे कोण? ह्यांच्या लेकींनी तरी आधी इचारलं का ह्यांना?"