माघार घेतलेल्यांच्या मुलाखती

एम. ए. राज्यशास्त्राच्या वर्गात मी मागच्या बाकावर, दाराला लागून बसायचो. मोबाइल थरथरला की तिथून बाहेर पडायला सोपं जातं. बारामतीजवळ, पिंपळीच्या अलीकडं माझं सेकंडहँड ट्रॅक्टरचं यार्ड आहे. गिऱ्हाईक येतं, टायरला लाथ मारतं, इंजिन चालू करून धूर बघतं, आणि मालक जागेवर नसला की दुसऱ्या यार्डात जातं. त्यामुळं व्याख्यान चालू असताना माझा एक पाय कायम बाकाच्या बाहेर असे. वर्गातली पोरं मला काका म्हणायची. मी वही उघडली की शेजारचा पोरगा विचारायचा, "काका, आज किती वेळ हाय तुमी?"

एक दिवस मॅडम सहमती या विषयावर शिकवत होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील, पण आवाज असा की मागचा बाकसुद्धा सरळ बसायचा. त्या म्हणाल्या, ग्रामीण भागात सहकारी संस्थांच्या निवडणुका बिनविरोध होतात, काही अभ्यासक हे गावातल्या सहमतीचं लक्षण मानतात. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो.

"मॅडम, ही सहमती मला माहिती आहे. ती आमच्या घरी येऊन चहा पिऊन गेली आहे."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "लघुप्रबंधाला हाच विषय घ्या. पण राग घरी ठेवून या."

राग घरी ठेवता आला असता तर मी या वर्गात आलोच नसतो.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणपासून आत. मी गाव सोडलं ते रिकाम्या हातानं. मोडीत निघालेल्या ट्रॉल्या घेऊन, वेल्डिंग करून विकता विकता यार्ड उभं केलं. चार लोक ओळखायला लागले तेव्हा वाटलं, आता गावच्या सहकारी सोसायटीत संचालक व्हावं. ऊस आमचाही आहे, सभासद आम्हीही आहोत. मी उमेदवारी अर्ज भरला.

आमच्याकडं अर्ज भरणं हा निवडणुकीचा एक भाग, आणि अर्ज काढून घ्यायला लावणं हा खरा भाग. माघारीच्या दिवशी सकाळी गावातली जाणती माणसं देवळाच्या ओट्यावर बसतात. एकेका उमेदवाराला बोलावतात. कुणी ओरडत नाही, कुणी धमकी देत नाही. खांद्यावर हात ठेवतात, गाव एक आहे म्हणतात, नारळ हातात देतात. मग एका जीपमध्ये सगळे इंदापूरला जातात, सह्या करतात, आणि परत येताना गुलाल लावूनच येतात. जो हरला आहे त्यालाही गुलाल असतो.

माझ्या वेळी ते ओट्यावर थांबले नाहीत, घरी आले. पुढं होते तात्या. आमच्या भावकीतले सगळ्यात वडील, सोसायटीचा कारभार बरीच वर्षं त्यांच्याच सल्ल्यानं चाललेला. मी सौदा केल्याशिवाय काही देत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी विचारायच्या आतच ते म्हणाले, "फुडच्या टायमाला पयलं नाव तुझं. माझा शब्द."

मी सही केली. पुढच्या वेळी बिनविरोध संचालकांची यादी झाली, आणि त्यात माझं नाव पहिलं नव्हतं, शेवटचंही नव्हतं. मी जाब विचारायला गेलो तर तात्या सुपारी कातरत म्हणाले, "शेठ, तुमी बारामतीला ऱ्हाता. तुमाला गावचं काय कळणार?" शेजारी बसलेला एक जण म्हणाला, "संचालक व्हायला डोस्कं लागतं. ट्रॅक्टर इकणं येगळं."

ते तीन वर्षं डोक्यात घोळलं आणि मग मी प्रवेश घेतला. माझं बी. ए. बाहेरून झालेलं होतं. बायको म्हणाली, "चिडून दुकानं टाकलेली बघितलीत, पण चिडून एम. ए. करणारा पयलाच माणूस बघतेय." मी प्रवेशाची पावती खिशात घातली आणि यार्डात गेलो.

लघुप्रबंधासाठी मी आसपासच्या गावांतले, माघार घेतलेले उमेदवार शोधायला लागलो. एका गावात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, मधे यार्डात एक चक्कर. गाडीतच जेवायचो. प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा. भिगवणला मासळीचा व्यापार करणारा एक जण होता, गावचा जुना सोबती. त्याच्या मुलाखतीचं टिपण मी तसंच्या तसं मॅडमना दिलं.

"माघार का घेतलीस?"

"स्वखुशीनं."

"खरं सांग."

"ह्येच खरं हाय."

"कोण आलं होतं घरी?"

"येत्यात ती आली हुती."

"मग दबाव होता म्हण की."

"आता तुमी म्हणताय तर हुता."

मॅडमनी पेन्सिल त्या शेवटच्या ओळीवर ठेवली. "हे उत्तर कुणाचं आहे?"

"त्याचंच."

"त्याचं नाही. तुम्ही ते त्याच्याकडून भाव पाडून विकत घेतलंय. सगळ्याच मुलाखती अशा आहेत. त्या मला चालणार नाहीत."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मॅडम, निम्म्या ठेवा. निम्म्या मी परत करतो."

"इथं निम्म्या नसतात."

"बरं, तीन ठेवा. लांबच्या गावांतल्या आहेत, डिझेल किती जातं बघा."

त्या पहिल्यांदा हसल्या आणि सगळे कागद माझ्याकडं सरकवले. आयुष्यात इतका वाईट सौदा मी कधी केला नव्हता. बाहेर येऊन गाडीचं दार असं आपटलं की वॉचमन उठून आला.

आठवडाभर मी कागदांकडं बघितलं नाही. पण चैनही पडेना. ट्रॅक्टर दाखवताना मधेच थांबायचो, गिऱ्हाईक म्हणायचं, "शेठ, किंमत सांगा की." शेवटी परत भिगवणला गेलो. उजनीच्या पाण्याचा वास बाजारभर पसरलेला, बर्फाच्या पेट्या उतरत होत्या. सोबत्याला म्हटलं, "तुझं तू सांग, मी बोलत नाही." तो उतरणाऱ्या पेट्या मोजत राहिला. गप्प बसणं मला किती जड जातं हे माझ्या घरच्यांना विचारावं. जीभ दाताखाली धरून बसलो.

मग तो म्हणाला, "त्या साली पोरीची सोयरीक जमत हुती. समोरच्या पॅनलात नवऱ्या पोराचा मामा हुता."

"ते तुला काही बोलले?"

"कोण कशाला बोलंल? बोलायला लागतं व्हय?"

परतीच्या रस्त्यावर मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी इतके दिवस कुणी काय बोललं ते शोधत होतो. या माणसाला कुणी काही बोललंच नव्हतं. मग बाकीच्यांकडंही परत गेलो. कुणाची पाइपलाइन दुसऱ्याच्या बांधावरून जात होती, कुणाचा भाऊ उसाच्या तोडीची वाट बघत होता. घरी येऊन कुणी काही मागितलं नव्हतं, तरी त्यांनी माघार घेतली होती. भिगवणचं हे प्रकरण लिहिताना मॅडमनी फारसं काही खोडलं नाही. फक्त एक सांगितलं, "यात तुमची स्वतःचीही माघार आहे. ती लिहा. कोण, कधी, काय शब्द दिला, सगळं. नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही की तुम्ही कुठं उभे आहात." मी त्याचं वेगळं प्रकरण लिहिलं. नावं नव्हती, पण आमच्या गावातल्या कुणाच्याही हातात ते पडलं असतं तर त्यानं बोट ठेवून सांगितलं असतं, हे तात्या.

आणि गावाला ते कळलंच. वर्गातल्या एका मुलीचं आजोळ आमच्या गावात होतं. मी ते प्रकरण वर्गात वाचून दाखवलं होतं. तिनं आजोळी कौतुकानं सांगितलं, काकांनी आपल्या सोसायटीवर लिहिलंय.

नेमकी तेव्हाच सोसायटीची निवडणूक लागलेली. एका दुपारी तात्या यार्डात आले. सोबत दोघं. मी खुर्च्या मांडल्या. तात्यांनी एका ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात फिरवला, मॉडेल विचारलं, आणि मग बसले.

"या टायमाला तुझं नाव हाय यादीत. पयलं."

गप्प बसायला आता मला थोडं येत होतं.

"तेवढं तू आमच्यावर लिवलेलं काढून टाक. निवडणूक हाय. कुणी वाचलं तर गावात दोन तट पडत्याल. दुसरं काय बी लिव्ह की. देशाचं लिव्ह, दिल्लीचं लिव्ह."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी यार्डाला इतक्या चकरा मारल्या की मेकॅनिक विचारायला लागला, काही हरवलं का. ज्या खुर्चीसाठी मी ही सगळी वर्षं जळत होतो, ती खुर्ची कुणीतरी दारात आणून ठेवली होती. बदल्यात काय द्यायचं, तर काही पानं. कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, हा घ्यावा असाच सौदा होता. संध्याकाळी मी मॅडमना गाठलं. मनात होतं, त्या रागावतील, नाही म्हणतील, आणि मला गावात सांगता येईल की कॉलेज ऐकत नाही.

"माझ्या माघारीचं प्रकरण काढलं तर मी नापास होईन का?"

"नाही. भिगवणचं प्रकरण चांगलं आहे. तेवढ्यावर पास व्हाल."

"मग काढू?"

"तो निर्णय माझा नाही."

"तुम्ही गाइड आहात ना माझ्या?"

"अभ्यासाची. तुमच्या गावाची नाही."

मला त्यांचा असा राग आला की मी निरोपही न घेता निघालो. गावात पुढं करायला जी सबब हवी होती, तीही त्या मला देत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावाला गेलो. तात्या गोठ्याजवळ बसले होते. म्हटलं, "तात्या, प्रकरण राहणार. पण त्यात एकट्या माझीच बाजू आहे. तुमची बाजू सांगा, तुमच्या शब्दांत लिहितो. एक अक्षर बदलणार नाही."

"म्हंजी नाव यादीत नको?"

"नाव मी स्वतः देतो. अर्ज भरतोय."

मला वाटलं हाकलतील. पण ते म्हणाले, "लिव्ह मग. गावात मतदान झालं की एका बांधावरची माणसं वर्ष वर्ष बोलत न्हाईत. लग्नाच्या पत्रिका परत येत्यात. ते मी बघितलंय, तू न्हाय. म्हणून मी माणसं बसवतो, अर्ज काढायला लावतो. तुला शब्द दिला हुता, व्हय. पाळला न्हाय. दुसरा एक जण ऐकत नव्हता, त्याला जागा द्यावी लागली. तू ऐकणारा हुतास, म्हणून तुला बसवला. लिवलंस?"

"लिहिलं."

"आता चहा पिऊन जा."

मी चहा न पिता निघालो. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं होतं, आणि त्यानं मी आणखीच पेटलो होतो. ऐकणारा होतो म्हणून बसवला. माझ्यासारख्या माणसाला.

अर्ज भरला. माघारीच्या दिवशी ओट्यावर बोलावणं आलं, मी गेलो नाही. जागांपेक्षा एक उमेदवार जास्त झाला, तो मी. माझ्या एकट्यामुळं सगळ्यांना मतं मागत फिरावं लागलं, मांडव घालावा लागला, मतपत्रिका छापाव्या लागल्या. आमच्या सोसायटीत कित्येकांनी शिक्का पहिल्यांदाच हातात धरला. एक म्हातारी सभासद मला म्हणाली, "शिक्का मारायला बरं वाटलं बघ, कुणावर मारला ते सांगायची न्हाय." मतदान होईपर्यंत मी बारामती-इंदापूर रस्त्यावरच होतो. लघुप्रबंधाची तोंडी परीक्षा मधेच झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तुमचा निष्कर्ष काय. मी म्हटलं, अजून मतमोजणी व्हायची आहे. ते हसले, मॅडमनी कपाळाला हात लावला, आणि मी पास झालो.

मतमोजणीत मी पडलो. अगदीच लाजिरवाणा नाही, पण पडलो. बाहेर आलो तर मांडवाशी, चहाच्या टपरीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, जो भेटेल तो माझा हात धरून हळूच सांगायला लागला, "आपलं मत तुलाच हुतं बरं का." मी मान हलवत गेलो. गावातल्या घरापर्यंत पोचलो तोवर मला मत दिल्याचं सांगणारी माणसं मला पडलेल्या मतांपेक्षा जास्त झाली होती. मी चेहरे आठवून ताळा लावायचा प्रयत्न केला. लागेना.

दारात तात्या उभे होते.

"आमच्या पद्धतीत येवढं बरं हुतं," ते म्हणाले, "पडलेल्याला आपल्या मागं किती माणसं हायत ते कळत नव्हतं."

"मला कळायलाच हवं होतं."

"मी तुला मत दिलं न्हाय."

"माहिती आहे."

"म्हणलं, सांगावं. बाकी सगळी दिलं म्हणत असत्याल."

मी त्यांना आत बोलावलं. ते आले. बायकोनं चहा ठेवला.