दगडूमामांचा गार हौद

सकाळी दगडूमामांना रामराम घातला, तर उत्तर मिळत नसे. आष्टीच्या शाळेत रुजू झाल्यावर मी त्यांच्या मळ्याशेजारी खोली घेतली. पहिले चार दिवस मला वाटलं, म्हातारा एक तर बहिरा आहे, नाहीतर शिष्ट. पाचव्या दिवशी हातातले गुलाब बादलीत ठेवून ते वळले आणि म्हणाले, "राम राम, गुरुजी. राग धरू नका. तोडल्या फुलाला आधी पाणी, मंग माणसाशी बोलणं. फुलाला थांबता येत न्हाई."

मामांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. मामांनी दहा गुंठ्यांत गुलाब लावले आणि भावकीची चेष्टा ओढवून घेतली. ऊन चढायच्या आत फुलं तोडायची, दांडी पाण्यात बुडवून तिरपी कापायची आणि लिंबाखालच्या गार हौदात बादलीसकट ठेवायची. हौद त्यांनीच बांधलेला. विटांची दुहेरी भिंत, मधे वाळू, वर तुराट्यांचं झाकण. वाळूवर दोन वेळा पाणी मारलं की वैशाखातही आत घातलेला हात गारठायचा. बाजारात दिवसभरात मान टाकणारा गुलाब मामांकडे चार दिवस ताठ राही. कुणी कौतुक केलं की म्हणत, "फूल मरतंयच की हो. आपण निस्तं त्याला जल्दी करू नको म्हणून राह्यलो."

मग कौसामामी अंथरुणाला खिळल्या. जालन्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा सगळ्यांना कळायचं ते कळलं. मामींनाही कळलं. मामांना ऐकू जाईल अशा बेतानं त्या मला म्हणाल्या, "नवऱ्याच्या आधी चालले, भाग्याची हाय मी. मळवट भरा, हिरवं लुगडं नेसवा. अन् केसात आपल्याच मळ्यातले गुलाब घाला. इकतचे बिलकुल नको."

पण विहिरीनं तळ गाठला होता. मामांनी बाकीचा मळा वाळू दिला आणि दोन ओळी घागरीनं पाणी घालून जगवल्या. दर चार दिवसांनी हौदातली जुनी फुलं टाकायची, नवी ठेवायची. बायको जाईल म्हणून फुलं राखत बसायचं, असलं काम वैऱ्यावरही येऊ नये. पण टाकलेल्या फुलांकडे बघून मामांचा चेहरा उजळे. "वाया गेले, गुरुजी. लई बेस झालं!"

शेवटी झाडांवर पाचच फुलं निघाली. ती हौदात ठेवली आणि त्याच दिवशी मामींनी आंबा मागितला. मी धावत जाऊन बाजारातून पिकलेले, घमघमणारे आंबे आणले. मामींनी एक फोड चोखली आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. मामा त्यांच्या उशाशी बसले, ते तिथून हललेच नाहीत. उरलेले आंबे उन्हानं नासू नयेत म्हणून मी ते हौदात फुलांशेजारी ठेवले, वर झाकणही नीट लावलं. आपण फार शहाणपणा केला असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामी गेल्या.

मामांनी झाकण उचललं. तळाला पाकळ्यांचा सडा पडला होता आणि पाची दांड्या बोडक्या उभ्या होत्या. मामांनी आंब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पिकल्या फळाच्या वाफेनं गुलाब गळतोय, गुरुजी. मीच सांगाया पायजे व्हतं."

त्यांनी शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "आत्ता बाजारातून फुलं आणतो."

"इकतचे नको म्हणली व्हती ती."

त्यांनी पाकळ्या ओंजळीत घेतल्या आणि मामींच्या केसांत एकेक खोचू लागले. सुटी पाकळी केसांत कुठली राहायला? ती पडे, मामा उचलत, पुन्हा खोचत. शेवटी बायकांनी त्यांना हाताला धरून बाजूला नेलं. मी दाराशी उभा होतो. माझ्या हाताला अजून आंब्याचा वास येतोय असं मला वाटत होतं.

पुढे पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, पण मामांनी गुलाब लावले नाहीत. हौदातल्या वाळूत मुंग्यांनी घर केलं. मी शाळेत जाताना मान खाली घालून मळ्याच्या कुंपणाजवळून जातो. मामा लिंबाखाली रिकाम्या हातांनी बसलेले असतात. मी दिसलो की लांबूनच, माझ्या आधी म्हणतात, "राम राम, गुरुजी."